आकडा आधी, पाहणी नंतर

"किती दाखवायचं?"

पुण्यात जागेचं मूल्यांकन करून घ्यायला गेलात की पुष्कळ ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो. जागा कुठं, बांधकाम किती सालचं, भोगवटा पत्र मिळालंय का, हे सगळं मागाहून. मुलीला शिकायला परदेशी पाठवायचंय आणि व्हिसाच्या फायलीत कागद लावायचाय? मग जास्त. भावाभावांत वाटणी होतेय आणि बहिणीकडून हक्कसोड पत्र करून घ्यायचंय? मग कमी. कर्ज वाढवून हवंय? पुन्हा जास्त. गल्ली तीच, भिंती त्याच, आकडा मात्र ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे.

या प्रश्नाची मला चीड आहे. आकडा गिऱ्हाइकानंच सांगायचा असेल तर सही-शिक्क्याचे पैसे कशाचे? बहिणीनं ज्या कागदाकडं बघून सही केली, तो कागद तिच्या भावाच्या सांगण्यावरून बनला असेल, तर ती फसवणूक आहे. तिला दुसरं नाव द्यायची गरज नाही.

चोख काम करणारे मूल्यांकनकार या शहरात आहेत. जागेवर स्वतः जाणारे, आजूबाजूच्या व्यवहारांचे नोंदणी कार्यालयातले इंडेक्स टू उतारे काढून दर तपासणारे, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळत नसेल तर तसं स्पष्ट लिहिणारे. आकडा आधी विचारायच्या पद्धतीत सगळ्यांत आधी मार त्यांनाच बसतो. आकडा खाली आला की पुढचं काम दुसऱ्या ऑफिसात जातं. वाद होत नाही, तक्रार होत नाही. फोन यायचा बंद होतो, एवढंच.

गृहकर्जाच्या धंद्यात या पाहणीला 'टेक्निकल' म्हणतात. "लीगल क्लिअर आहे, टेक्निकल झालं की डिसबर्समेंट," असं डीएसए, म्हणजे बँकेला कमिशनवर कर्जदार आणून देणारा मध्यस्थ, सांगतो. वाघोलीतल्या एका पुनर्विक्रीच्या फ्लॅटचं टेक्निकल मी उभं राहून पाहिलंय. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा दुचाकीवरून आला. इमारतीचा समोरून एक फोटो, लिफ्टचा एक, स्वयंपाकघरातल्या ओट्याचा एक, विजेच्या मीटरचा एक, मग लोकेशनसकट स्वतःचा एक. टेप बॅगेतच राहिली. आतल्या बेडरूमच्या भिंतीला खालपासून कमरेपर्यंत ओल होती, रंगाचे पोपडे निघाले होते. त्या भिंतीचा फोटो नाही. निघताना त्यानं एकच गोष्ट विचारली, "ॲग्रीमेंट कितीचं आहे?" पुढं अहवाल आला तेव्हा त्यातली किंमत करारातल्या किमतीपेक्षा किंचित वर होती. ज्यांची सही होती ते गृहस्थ त्या इमारतीकडं फिरकले नव्हते.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिवसात अशा बऱ्याच इमारती उरकायच्या असतात. आणि ज्यांनी सही केली त्यांनी नियम मोडला असंही म्हणता येत नाही, कारण बँकांच्या छापील नमुन्यातच 'मी किंवा माझ्या अधिकृत प्रतिनिधीनं' पाहणी केली, असं वाक्य असतं. त्याच पानावर दुसरं एक वाक्य असतं : या मालमत्तेत माझा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नाही.

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. ते बहुतेक वेळा खरं असतं आणि तरीही काही उपयोगाचं नसतं. मूल्यांकनकाराचा त्या फ्लॅटमध्ये कसला आलाय हितसंबंध? तो त्याचा नसतो, त्याच्या मेव्हण्याचाही नसतो. त्याचा हितसंबंध असतो पुढच्या महिन्यात त्याच शाखेकडून येणाऱ्या केसेसमध्ये. आणि त्याबद्दल त्या पानावर एक ओळ नाही.

बघा कोण कुणाला नेमतं. बँक पॅनेल करते. पॅनेलमधला कोण, हे बरेचदा शाखेत किंवा कर्ज विभागात ठरतं. तिथल्या साहेबांच्या डोक्यावर मार्चअखेरचं टार्गेट. डीएसएचं कमिशन कर्ज सुटल्यावर. एजंटाची दलाली व्यवहार झाल्यावर. विकणाऱ्याला पैसे हवेत, घेणाऱ्याला घर हवं. या साखळीत आकडा कमी निघाला तर खूश होणारा माणूसच नाही. नुकसान ज्यांचं व्हायचं ते दोघे त्या खोलीत नसतात : एक, त्या बँकेत ठेव ठेवणारा; आणि दुसरा, दहा वर्षांनी घर विकायला निघालेला तोच घेणारा.

हे नुकसान कसं होतं तेही सांगतो. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याला रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. ही मर्यादा कर्जदाराला छळायला नाही, भाव पडले तर मधे जागा राहावी म्हणून आहे. ७० लाखांच्या फ्लॅटला ८० टक्क्यांनी ५६ लाख मिळतात, १४ लाख स्वतःचे घालावे लागतात. करारात आणि अहवालात तोच फ्लॅट ८० लाखांचा केला की कर्ज ६४ लाख. स्वतःचे ६ लाख घातले की भागलं. खऱ्या किमतीच्या ९१ टक्के कर्ज झालं आणि रिझर्व्ह बँकेचा नियम कागदावर शाबूत राहिला. मग नोकरी गेली, हप्ते थकले, तर घर विकूनही कर्ज फिटत नाही. तोवर मूल्यांकनकाराची फी, डीएसएचं कमिशन आणि साहेबांचं टार्गेट, तिन्ही पावलेलं असतं.

हप्ते थकल्यावर सरफेसी कायदा येतो, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन विकता येतं. लिलावाआधी राखीव किंमत ठरवायची, त्यासाठी पुन्हा मूल्यांकन, पुन्हा बँकेनंच मान्य केलेला मूल्यांकनकार. कर्ज देताना बँकेला चढा आकडा सोयीचा होता, आता माल लवकर उठावा म्हणून उतरता सोयीचा असतो. दोन्ही वेळा निवड बँकेची. कर्जदाराला दोन्ही वेळा कुणी विचारत नाही.

पुणेकरांना तारण म्हणजे काय हे नव्यानं सांगायला नको. १९१२ साली निघालेल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा २०२१ मध्ये गेला. प्रत्येक बँकेच्या घसरणीची कारणं वेगळी असतात आणि ती सगळी मूल्यांकनाच्या दारात नेऊन टाकणं बरोबर नाही. पण बँक कुठलीही असो, ठेवीदार हवालदिल होऊन उभे राहतात तेव्हा त्यांचा प्रश्न एकच असतो : तारण विकून किती येणार? त्याचं उत्तर कर्ज देतानाच कुणीतरी सही करून दिलेलं असतं. ते खरं होतं की सोयीचं, हे कळायला मात्र बँक बुडावी लागते.

आता मूल्यांकनकाराच्या परवान्याकडं या.

मालमत्तेच्या मूल्यांकनकारांची नोंदणी आपल्याकडं संपत्ती कराच्या १९५७ च्या कायद्यात, कलम ३४ एबीखाली आली. सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्टची पदवी आणि अनुभव पाहून ती मिळायची. संपत्ती कर १ एप्रिल २०१६ पासून संपला, पण ही नोंदणी नंतरही वर्षानुवर्षं चालत राहिली आणि सरफेसीच्या नियमांतला 'मान्यताप्राप्त मूल्यांकनकार' तिच्यावरच उभा राहिला. संपत्ती कराच्या त्याच जुन्या नियमांत फीची कमाल मर्यादा मालमत्तेच्या किमतीच्या टक्केवारीत बांधलेली आहे. म्हणजे किंमत जास्त काढली की फी जास्त घेता येते. निःपक्ष राहीन असं लिहून घ्यायचं आणि फी मात्र आकड्याला बांधायची, हे ज्यांनी लिहिलं त्यांना त्यातला घोटाळा दिसला नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

नोंदणीचं दुसरं दार कंपनी कायद्याचं. कलम २४७ आणि त्याखालचे नियम १८ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. इथं देखरेख दिवाळखोरी मंडळाची, म्हणजे आयबीबीआयची. पन्नास तासांचा अभ्यासक्रम, त्यावर परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण वजा. नेमणुकीच्या आधी तीन वर्षं आणि मूल्यांकनानंतर तीन वर्षं त्या मालमत्तेत हितसंबंध चालत नाही. आचारसंहितेत गिऱ्हाइकाला सोयीचं मूल्यांकन देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, काम फत्ते झालं तरच फी हा प्रकारही बंद. नोंदणी रद्द करायचा अधिकार मंडळाला आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली की दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमावे लागतात आणि दोघांच्या आकड्यांत फार तफावत निघाली तर तिसरा आणता येतो.

चांगले नियम आहेत, मी मोकळेपणानं म्हणतो. पण ते कंपन्यांना आणि दिवाळखोरीला. कोथरूडच्या किंवा हडपसरच्या माणसानं आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या फ्लॅटच्या गृहकर्जाला ते लागू नाहीत. तिथं बँकेचं पॅनेल आणि बँकेचं धोरण. ५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्या, असं रिझर्व्ह बँक सांगते. पन्नास लाखांच्या फ्लॅटला एक पुरतो, आणि तोही मीटरचा फोटो काढून होतो.

तुलना करायची तर इस्टेट एजंटाशी करा. महारेराकडं नोंदणी असलेल्या एजंटाला २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. हे चांगलंच झालं. घर दाखवणाऱ्याला परीक्षा लागते, तर त्याच घरावर किती कर्ज द्यायचं हे ज्याच्या सहीवर ठरतं त्याला तेवढीच सक्त परीक्षा आणि तेवढीच सक्त देखरेख का नको? एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं २०२० मध्ये केंद्राला अहवाल दिला. मूल्यांकनकारांसाठी स्वतंत्र कायदा करा, एक राष्ट्रीय संस्था उभी करा, असं त्यात होतं, मसुदाही जोडलेला होता. अहवाल दाखल झाला, मूल्यांकनकारांचा कायदा काही झाला नाही.

सोयीच्या आकड्यानं एखादा व्यवसाय स्वतःची पत कशी घालवतो, हे पाहायचं असेल तर २००१ च्या किमतीची गोष्ट पाहा. सदाशिव पेठेतला वाड्याचा हिस्सा किंवा प्रभात रोडवरचा वडिलोपार्जित बंगला विकला की भांडवली नफ्यावर कर लागतो. १ एप्रिल २००१ च्या आधीची मालमत्ता असेल तर खरेदीच्या किमतीऐवजी त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते. ती जितकी जास्त, तितका नफा कमी, तितका कर कमी. २००१ ची किंमत आज कोण सांगणार? नोंदणीकृत मूल्यांकनकार. महागाईचा निर्देशांक २००१-०२ ला १०० धरलाय, २०२४-२५ ला तो ३६३ होता. म्हणजे २००१ ची किंमत १० लाखांनी फुगवता आली तर निर्देशांकासह खर्च ३६ लाख ३० हजारांनी वाढतो आणि २० टक्क्यांच्या जुन्या हिशेबानं सव्वासात लाखांचा कर वाचतो. अहवालाची फी त्यापुढं काहीच नाही.

याआधी १९८१ हे पायाभूत वर्ष होतं तेव्हाही हेच. तेव्हा तर कायद्यातच भोक होतं : मूल्यांकनकारानं किंमत कमी दाखवली असं वाटलं तरच आयकर अधिकाऱ्याला ते प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडं पाठवता यायचं. जास्त दाखवली असेल तर हात बांधलेले. यात दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, आणि त्याआधीच्या प्रकरणांत जुनाच अर्थ लागेल असं मुंबई उच्च न्यायालयानं पूजा प्रिंट्सच्या निकालात म्हटलं. शेवटी २०२० च्या अर्थसंकल्पात सरकारनं सरळ झाकण लावलं : २००१ ची किंमत त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येणार नाही. माझ्या लेखी हा मूल्यांकनाच्या पेशावरचा अविश्वासाचा ठराव आहे. यात भरडला गेला तो खरं सांगणारा. ज्या गल्लीत रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर खरोखरच बाजारापेक्षा कमी होता, तिथल्या माणसाला आता पुरावा असूनही योग्य किंमत धरता येत नाही.

रेडी रेकनरचं नाव निघालंच आहे तर सरकारलाही सोडायला नको. हे दर ठरवणारं खातं आपल्याच शहरात, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात बसतं. नोंदणी महानिरीक्षक आणि मुद्रांक नियंत्रक. बाजारमूल्याचे तक्ते तेच जाहीर करतात आणि त्या मूल्यावरचं मुद्रांक शुल्कही त्यांचंच खातं गोळा करतं. १ एप्रिल २०२५ ला पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के वाढ झाली. तुम्हाला फ्लॅट त्याहून स्वस्त पडला तरी शुल्क तक्त्याप्रमाणे. दाद मागायची तर आधी त्याच खात्याकडं. खासगी मूल्यांकनकाराला आपण ज्या कसोटीवर घासतो, त्या कसोटीवर हे खातंही उतरत नाही. महसुलाचं लक्ष्य ज्याच्यावर आहे त्यानं किंमत ठरवू नये. दर ठरवायला वेगळं मंडळ हवं, ज्याला वसुलीशी देणंघेणं नाही.

आणि प्रश्न फक्त किमतीचा नाही, कागद ताडून पाहण्याचाही आहे. कल्याण-डोंबिवली आठवा. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यातल्या घरांना बँकांनी कर्जं दिली होती. मंजूर नकाशा पालिकेत जाऊन ताडून पाहणं हे कुणाचंच काम नव्हतं, असं कसं म्हणता येईल? धायरी-नऱ्हे-आंबेगावात चिंचोळ्या प्लॉटवर मजल्यावर मजले चढताना आपण रोज पाहतो. तिथल्या फ्लॅटच्या अहवालात 'मंजूर नकाशाप्रमाणे' हे शब्द कुणी लिहिले, का लिहिले, हे आज विचारलं नाही तर पुढची बातमी पुण्याची असेल.

उपाय नाहीत असं नाही. अमेरिकेत २००७ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी एका मोठ्या मूल्यांकन कंपनीला कोर्टात खेचलं. वॉशिंग्टन म्युच्युअल बँकेच्या दबावाखाली तिनं बँकेला हवे तसे मूल्यांकनकार वापरले, असा आरोप होता. मे २००९ पासून तिथं आचारसंहिता आली : कर्ज विकणाऱ्या माणसानं मूल्यांकनकार निवडायचा नाही. पुढच्या वर्षी स्वतंत्र मूल्यांकनाचं तत्त्व कायद्यातच बसवलं. आणि तिथं माजी सैनिकांच्या गृहकर्जात तर फार पूर्वीपासून सरकारी खातंच आपल्या यादीतून पाळीपाळीनं मूल्यांकनकार नेमतं आणि फीही तेच ठरवून देतं. आकडा कमी आला म्हणून पुढचं काम जात नाही, कारण पुढचं काम देणारा वेगळाच असतो.

पुण्यात हे करायला काय अडतं? सगळ्या बँकांची मिळून शहराच्या भागवार एक यादी, संगणकानं पाळीप्रमाणे नेमणूक, घराच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली फी. बाणेरची जागा बाणेर जाणणाऱ्याकडंच जाईल, फक्त कोणाकडं, हे शाखेच्या हातात राहणार नाही. बँकवाले म्हणतील उशीर होईल. आज अहवाल एका दिवसात येतो तो पाहणी होत नाही म्हणून येतो. दोन दिवस लागू देत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे करारातली किंमत मूल्यांकनकाराला आधी सांगायचीच नाही. त्यानं आपला आकडा नोंदवावा, मग करारनामा उघडावा. दोन्हींत अंतर पडलं तर कारण लिहावं. एवढ्या एका बदलानं वाघोलीच्या त्या मुलाला टेप बाहेर काढावी लागली असती, कारण लिहायला दुसरा आकडाच त्याच्याकडं नसता.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घर घेणाऱ्यानं एक करावं. मूल्यांकनाची फी बँक तुमच्याकडूनच वसूल करते, मग अहवालाची प्रत मागा. पाहणी कोणत्या तारखेला आणि कुणी केली, आजूबाजूचे कोणते व्यवहार तुलनेला घेतले, चटई क्षेत्र मोजलं की करारातून उतरवलं, मंजूर नकाशाचा क्रमांक लिहिलाय का, एवढं वाचा. शाखा नाही म्हणाली तर मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि नकारही लेखीच मागा.